उतारावर गुडघे दुखतात: ट्रेकिंग पोल नेमके कसे वापरायचे?

सह्यपाऊल

नमस्कार मंडळी. सिंहगड चढताना मला दम लागतो, पण गुडघे गप्प असतात. उतरताना मात्र आतकरवाडीच्या वाटेवर निम्म्याच्या खाली आलं की वाटीखाली कळ सुरू होते आणि सोमवारी ऑफिसचा जिना कठडा धरून उतरावा लागतो. वय बावन्न. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं की झीज वयाच्या मानानेच आहे, चालणं अजिबात बंद करू नका, मांडीचे स्नायू बळकट करा आणि उतारावर पोल वापरा.

मी पुण्यात सहकारनगरला राहते, त्यामुळे तळजाई टेकडी रोजची. थंडीत राजगड करायचा आहे, गुंजवण्याहून चढायचं आणि पाली दरवाजाने उतरायचं. आमच्या ग्रुपमध्ये दोन तट आहेत. काही जण म्हणतात, मावळातल्या आज्या डोक्यावर मोळी घेऊन याच वाटा उतरतात, तुम्हाला काठ्या कशाला? काही जण पोलशिवाय घराबाहेर पडत नाहीत. त्या आज्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण लहानपणापासून डोंगर उतरलेले पाय आणि तीस वर्षं खुर्चीत बसलेले पाय सारखे कसे असतील?

प्रश्न असे: पोल एक घ्यावा की दोन? उंची किती ठेवायची? आणि गडावर ते कुठे वापरू नयेत? कंपनी कोणती घ्यावी यापेक्षा वापरायची पद्धत कळली तर जास्त उपयोग होईल.

कोथरूडकर

दोनच घ्या ताई. एकाने तोल सांभाळता येतो, भार मात्र नीट वाटला जात नाही. शिवाय एकाच बाजूला टेकत राहिलात तर कमरेतून वाकडं चालायची सवय लागते.

घाटवाटा

सह्यपाऊल ताई, पद्धतीबद्दल विचारलंत हे फार बरं झालं. दर रविवारी सिंहगडावर पोल घेतलेली कितीतरी माणसं दिसतात आणि त्यातल्या बहुतेकांचे पोल नुसतेच हातात लोंबत असतात. पाय आधी पडतो, पोल नंतर कुठेतरी टेकतो. त्याने गुडघ्यावरचा भार तसूभरही कमी होत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उतार का दुखवतो ते. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना भार धरून ठेवतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. या ताणलेल्या अवस्थेतल्या कामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणून दुखणं त्याच दिवशी न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. गुडघा वाकलेला असताना हा स्नायू जितक्या जोराने ओढतो तितकी वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. तुमची वाटीखालची कळ बहुधा तिथली असावी, तपासून खात्री मात्र डॉक्टरच देतील. आणि मांडी थकली की ब्रेक सैल पडतो, पाऊल धप्पकन पडायला लागतं आणि धक्का सांध्यात जातो. त्रास निम्म्याच्या खाली सुरू होतो, याचं मोठं कारण हे.

पोलने यात काय करायचं? पाऊल जमिनीला लागायच्या आधी शरीराचा थोडा भार हातावर घ्यायचा. "आधी" हा शब्द महत्त्वाचा. उतारावर दोन्ही पोल पुढे आणि खाली टेका, त्यांच्यावर खरोखर वजन द्या, मग पाऊल खाली सोडा. पाऊल लहान ठेवा, गुडघा किंचित वाकलेला. गुडघा ताठ करून टाच आपटणं सगळ्यात वाईट. पायऱ्या असतील तर दोन्ही टोकं खालच्या पायरीवर टेका, दंडांवर भार येऊ द्या आणि सावकाश उतरा. गडांवरच्या पायऱ्या कुठे हातभर उंच, कुठे खचलेल्या. सपाटीवर पोल नसले तरी चालतं, अशा पायऱ्यांवर मात्र त्यांची खरी किंमत कळते.

उंची: बूट घालून सपाट जागी उभं राहा, टोक पावलाशेजारी टेका. मूठ धरल्यावर कोपर काटकोनात आलं पाहिजे. १६० सें.मी. उंचीच्या माणसाला साधारण ११० सें.मी. लागतात. चढताना त्यातून पाच-दहा सें.मी. कमी करा, उतरताना तेवढेच वाढवा. आपल्याकडच्या वाटा सारख्या वरखाली होतात, प्रत्येक वळणावर उंची बदलत बसू नका. माथ्यावर पोचलात की एकदा वाढवा, पुरे. डोंगराच्या कुशीतून आडवी वाट असेल तर वरच्या बाजूचा पोल मुठीखाली धरायचा. काही पोलना मुठीखाली लांबवर फोम असतो तो यासाठीच.

पट्टा: हात खालून वर घालायचा आणि मग पट्टा तळहातात घेऊन मूठ धरायची. असं केलं की भार मनगटामार्फत पट्ट्यावर जातो, मूठ आवळून धरावी लागत नाही. वरून हात घातलात तर पट्टा नुसताच मनगटावर लटकतो.

तळजाई_सकाळ

वाचनखूण साठवली. पट्ट्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

आकडेमोड

घाटवाटा, पटलं. पण मोजमाप काही आहे का? "गुडघ्यावरचा भार पंचवीस टक्के कमी" असं वाक्य सगळीकडे फिरत असतं, ते कशाचे पंचवीस टक्के?

घाटवाटा

चांगला प्रश्न. त्या आकड्याचं मूळ ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठातल्या प्रयोगात आहे, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या. २५ अंश उताराचा रॅम्प होता, आठ पुरुष त्यावरून पोल घेऊन आणि न घेता उतरले. जमिनीकडून पायावर येणारा जोर, गुडघ्यातली वळणशक्ती, सांध्यातला दाब वगैरे मोजलं. यातल्या बऱ्याच मोजमापांत १२ ते २५ टक्के घट दिसली. म्हणजे पंचवीस हा वरचा आकडा आहे, सगळ्यांना सरसकट मिळणारा नाही. माणसं थोडी होती, रॅम्पही एकसारखा, आपल्या घसाऱ्यासारखा नव्हे.

मला जास्त जवळचा वाटतो तो २०११ चा अभ्यास, कारण तो खऱ्या डोंगरावर झाला. वेल्समधलं सर्वोच्च शिखर स्नोडन, १०८५ मीटर. सदतीस जण चढून उतरले, काही पोल घेऊन, काही पोलशिवाय. पोलवाल्यांचे स्नायू पुढच्या एक-दोन दिवसांत कमी दुखले, पायांची ताकद कमी घटली आणि चोवीस तासांनी रक्तातलं क्रिएटिन कायनेजही कमी होतं. स्नायूला इजा झाली की हे एन्झाइम रक्तात वाढतं. ताईंच्या सोमवारच्या जिन्याशी याचा सरळ संबंध आहे.

एक गोष्ट दुसऱ्या बाजूने. पोलने एकूण मेहनत कमी होत नाही, हातही कामाला लागल्याने शरीर थोडी जास्तच ऊर्जा खर्च करतं. पायांचं काम हातांकडे जातं, एवढंच. पाणी आणि खाऊ नेहमीसारखाच घ्या.

माचीवरून

मी थोडा वेगळा सूर लावतो. पोलला विरोध नाही, उतरताना मीही वापरतो. पण टेकडीवर रोज सकाळी दोन पोल घेऊन फिरणारी चाळिशीतली धडधाकट माणसं बघून काळजी वाटते. गिर्यारोहणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे यूआयएएच्या, वैद्यकीय समितीनेही हे सांगून ठेवलं आहे: उतार, जड सॅक, उतारवय, वाढलेलं वजन, सांध्यांचे किंवा पाठीचे आजार असतील तर पोल जरूर वापरा, मात्र सतत वापराने तोल सांभाळायची क्षमता कमी होऊ शकते. आणि जिथे पोल वापरता येत नाहीत तिथेच, अरुंद धारेवर नाहीतर कातळावर, ती क्षमता लागते.

आपल्या वाटा आठवा. तोरण्याचा बिनी दरवाजाकडचा कातळ किंवा राजगडाचा बालेकिल्ला, दोन्हीकडे हात मोकळे लागतात. रोज चार पायांवर चालणारा माणूस तिथे अचानक दोन पायांवर येतो तेव्हा बावरतो. म्हणून माझं म्हणणं: वेताळ टेकडी, तळजाई, पर्वतीच्या पायऱ्या हातात काही न घेता करा. तिथे पावलांना दगड वाचायची सवय लागू द्या. पोल मोठ्या उतारासाठी राखून ठेवा.

मावळातल्या आज्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. वेल्ह्याच्या बाजूला चालताना म्हातारी माणसं काठीशिवाय क्वचित दिसतात. धनगराच्या हातात तर खांद्याएवढी काठी असतेच. उतारावर तो ती दोन्ही हातांनी धरून बाजूला टेकतो, सगळं अंग तिच्यावर रेलतं आणि मगच पाऊल पडतं. वर घाटवाटा यांनी लिहिलेली रीत आणि ही रीत एकच आहे. ग्रुपमधल्या मंडळींना हे जरूर सांगा.

सह्यपाऊल

माचीवरून, धन्यवाद, हा मुद्दा मी ग्रुपवर टाकते. म्हणजे तळजाईला हात मोकळे आणि सिंहगड उतरताना पोल, असं ठरवते.

अजून एक. पोल नाहीच मिळाले आणि एकच काठी असली तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला धरायची ना? माझा उजवा जास्त दुखतो.

चालती_राहा

ताई, उलट! एकच काठी असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखतो, तर काठी डाव्या हातात. उजवं पाऊल आणि काठी बरोबरीने पुढे. चालताना आपला डावा हात उजव्या पायाबरोबरच पुढे जातो, त्यामुळे लय बिघडत नाही आणि भार दोन्हीकडे विभागला जातो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि काठी चुकीच्या हातात धरून येणारे पेशंट दर आठवड्याला दिसतात.

डॉक्टरांचं दुसरं वाक्य विसरू नका: मांडीचे स्नायू. पोल भार वाटून घेतो, पण ब्रेकचं काम शेवटी मांडीलाच करायचं आहे. उतरण्याची तयारी उतरण्यानेच होते. घरात एक कमी उंचीची पायरी किंवा भक्कम पाट घ्या. एका पायावर वर उभं राहा आणि दुसऱ्या पायाची टाच अगदी हळू खाली जमिनीला टेकवा. धरायला शेजारी भिंत असू द्या. वरच्या पायाचा गुडघा आत वळू देऊ नका, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. खाली जायला तीन-चार सेकंद लागले पाहिजेत. कळ आली तर पायरीची उंची कमी करा. याबरोबर पोटऱ्या आणि खुब्याच्या बाजूचे स्नायू. दिवसाआड केलंत तर राजगडापर्यंत फरक जाणवायला हवा.

आणि हे सगळ्यांसाठी: गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल, चालताना अचानक दगा देत असेल किंवा रात्री विश्रांतीतही ठणकत असेल, तर पोल घेऊन दुखणं पुढे ढकलू नका. आधी तपासून घ्या.

घाटवाटा

चालती_राहा, विरुद्ध हाताबद्दल लिहिलंत ते फार मोलाचं. धाग्याच्या मथळ्यातच टाकायला हवं.

कात्रज_ते_सिंहगड

गडावर कुठे वापरू नयेत, हे अजून राहिलंय. माझा अनुभव लिहितो.

ताईंच्या राजगडापासून. गुंजवण्याकडून चोर दरवाजाच्या वाटेला वरच्या टप्प्यात कातळ आणि रेलिंग आहे. तिथे पोचायच्या आधीच, जिथे नीट उभं राहता येतं अशा जागी, पोल मिटून सॅकला बांधून टाका. रेलिंग एका हाताने आणि मनगटाला लटकणारे दोन पोल, हे अतिशय धोक्याचं. टोक रेलिंगमध्ये अडकलं तर माणूस खेचला जातो. बालेकिल्ल्याला जाताना पोल पद्मावती माचीवर सामानापाशीच ठेवा. पाली दरवाजाची वाट पायऱ्यांची आणि रुंद, उतरायला तुम्ही ती निवडलीत हे उत्तम. तिथे पोल मनसोक्त वापरा. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांनाही हाच नियम, शिडीआधी पोल सॅकवर.

कात्रज ते सिंहगड करणाऱ्यांनी मात्र पोल न्यावेतच. पाऊस संपून गवत वाळलं की त्या टेकड्यांच्या उतारांवर मुरुमाचा घसारा होतो, आणि बहुतेक लोक तो रात्री उतरतात. तिथे पोल टेकण्याआधी टोकाने जमीन चाचपा. खडे सरकत असतील तर भार देऊ नका, दुसरी जागा शोधा. घसाऱ्यावर पोलवर आंधळा विश्वास ठेवला आणि तोच सरकला तर तोंडावर पडायची वेळ येते.

पावसाळ्यात टोकाजवळची प्लॅस्टिकची चकती लावा, नाहीतर चिखलात पोल वीतभर रुततो. शेवाळलेल्या कातळावर धातूचं टोकही घसरतं आणि रबरही, तिथे बसून उतरण्यात कमीपणा नाही.

अजून एक, हे माझं कळकळीचं सांगणं. टोकाला टंगस्टन कार्बाइड असतं, ते दगडावर ओरखडे काढतं. गडाच्या पायऱ्यांवर, तटावर, मंदिराच्या फरशीवर रबरी टोपण लावूनच चाला. राजगड, लोहगड, शिवनेरी, रायगड हे २०२५ पासून जागतिक वारशात आहेत, पण त्या यादीत नसलेल्या सिंहगडाच्या दगडांनाही तेवढंच जपायला हवं. आणि मातीच्या वाटेच्या कडेला टोकं खुपसू नका, कड ढासळते आणि पुढच्या पावसात वाट वाहून जाते.

कोथरूडकर

+१. वाटेवर गर्दी असेल तर टोकं खाली. रविवारी सिंहगडावर पोल काखेत आडवे धरून चालणाऱ्यांची टोकं मागच्या लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.

आकडेमोड

कात्रज_ते_सिंहगड यांच्या यादीत एक भर. कातळ, घसारा किंवा दाट झाडी आली की पोल हातात असले तरी पट्ट्यातून हात काढा. पट्ट्यात हात असताना पडलं तर मूठ सुटत नाही आणि पोलच्या दांड्याने अंगठा बाहेर ओढला जातो. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला जे लिगामेंट आहे ते तुटतं. स्की करणाऱ्यांमध्ये ही दुखापत इतकी नेहमीची की तिचं नावच त्यांच्यावरून पडलं आहे. पोल गेला तर नवा घेता येतो.

हडपसरहून

घ्यायचे कोणते हेही थोडं सांगा ना. दुकानात गेलो तर मुठी, स्प्रिंग, कार्बन यांनीच डोकं भणभणलं.

घाटवाटा

सह्याद्रीसाठी ॲल्युमिनियमचे, तीन भागांचे, बाहेरून खटका असलेले. कार्बन हलका असतो, पण दगडांच्या फटीत अडकून आडवा जोर आला तर तो एकदम तुटतो. ॲल्युमिनियम आधी वाकतं, म्हणजे निदान खाली पोचता येतं. पिळून घट्ट करायचे पोल आत धूळ गेली की सरकू लागतात आणि चालता चालता उंची कमी होते. खटक्याचा स्क्रू मात्र अधूनमधून आवळावा लागतो. स्प्रिंगवाले टाळलेत तरी काही बिघडत नाही, वजन वाढतं आणि भार दिला की पोल दबल्यासारखा वाटतो. मूठ कॉर्क किंवा फोमची, रबराने घामेजल्या हाताला फोड येतात.

दुकानात काय बघायचं: पोल उघडून खटके लावा आणि सगळं वजन टाकून दाबा. तसूभरही सरकला तर नको. दांड्यावर जास्तीत जास्त उंचीची खूण असते, तिच्या पलीकडे कधीही ओढू नका. तुमची उतारावरची उंची त्या खुणेच्या आत बसते का हे आधी पाहा, उंच माणसांना ही अडचण येते.

पावसाळी ट्रेकहून आलात की तिन्ही भाग पूर्ण वेगळे करा, पुसा, वाळवा, मगच जोडा. ओले मिटून ठेवले तर आत पांढरा गंज धरतो आणि भाग एकमेकांत अडकून बसतात. तेल अजिबात लावू नका, पकडच जाते.

आणि खर्च करायचा नसेल तर बुरूड आळीतून खांद्याएवढी कळकाची काठी घ्या. मिटत नाही आणि कातळावर अडचण होते, पण घसाऱ्यावर ती तुम्हाला नक्की सांभाळेल.

सह्यपाऊल

मैत्रिणीचे पोल मागून आणले आणि काल सिंहगड उतरले. आतकरवाडीच्या वाटेवर पहिला टप्पा फार हळू गेला, कारण पोल आधी आणि पाऊल नंतर ही लय बसत नव्हती. सारखं पाऊलच आधी पडायचं. मग मनात "टेक, भार, पाऊल" म्हणत उतरले तेव्हा जमलं. नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला. कळ पूर्ण गेली असं नाही, पण ती खालच्या शेवटच्या उतारावर आली आणि सौम्य होती. आज दंड मागच्या बाजूने दुखतायत आणि जिना कठडा न धरता उतरता आला.

चालती_राहा

दंड मागून दुखतायत म्हणजे पोलवर खरंच भार पडला. अगदी बरोबर चाललंय. दोन-तीन वेळा उतरलात की दंडही सरावतील. पाटावरचा व्यायाम सुरू ठेवा.

माचीवरून

ताई, वेळ जास्त लागला हे ग्रुप लीडरला आधीच सांगून ठेवा. राजगडाहून उतरायला उजेड हाताशी ठेवून निघा. मागे पडायच्या भीतीने घाई झाली की पहिला बळी त्या लयीचाच जातो.

हडपसरहून

मे महिन्यात उत्तराखंडला चाललोय. पोल विमानात हातातल्या बॅगेत चालतात का?

कोथरूडकर

नाही, सिक्युरिटीला अडवतात. चेक-इन बॅगेत टाका. टोकांना रबरी टोपणं लावा आणि पोल कपड्यांच्या मध्ये गुंडाळा, म्हणजे बॅग फाटणार नाही. बर्फात चालायचं असेल तर मोठी चकती इथूनच घेऊन जा.